जगाचे पोट आणि आपली पऱ्हाटी



मागच्या तालुका बैठकीत बियाण्याचा विषय निघाला आणि दोन तास नुसता गलका झाला. एक गट म्हणाला, जीएम बियाण्याला आपल्या चळवळीने उघड पाठिंबा द्यावा. जगाची तोंडे वाढत आहेत, जगाला खाऊ घालायचे तर हे तंत्रज्ञान पाहिजेच. दुसरा गट म्हणाला, जीएम हद्दपार करा; ते कंपन्यांचे विष आहे, त्याने जमिनी नासल्या आणि माणसे मेली. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत होते. शेवटी मागच्या रांगेतले एक बाबा उठले. सहा एकर हलकी जमीन, चार एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन. म्हणाले, "तुम्ही जगाच्या पोटाचं बोलून राहिले. माह्या घरी रेशनचा तांदूळ शिजते. जवारी पेरनं सोडलं त्याले पंधरा वर्सं झाली. मंग मी जगाले काय खाऊ घालू, कापूस?"

सभेत हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला. तोच विषय आता ठरावासाठी जिल्हा बैठकीत येणार आहे. आमच्या मते त्या दोन तासांत मुद्द्याचे बोलले ते एकटे बाबाच. म्हणून बैठकीआधी आमचे म्हणणे लिहून ठेवतो. पटले तर ठीक, नाही पटले तर बैठकीत उभे राहून खोडून काढा.

आधी जगाच्या पोटाचा हिशेब करू. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन धान्य पिकते. माणसे ८०० कोटी. भागाकार करा. माणशी वर्षाला साडेतीन क्विंटल, म्हणजे म्हातारे-कोतारे, तान्ही लेकरे सगळी धरून दररोज एक किलोच्या आसपास. यात डाळी, तेल, कंदमुळे, भाजीपाला, दूध धरलेले नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात ६७ कोटी माणसे उपाशी होती. धान्य कमी म्हणून ती उपाशी नव्हती. त्यांच्या हातात पैसा नव्हता. किंवा जिथे लढाई होती तिथे धान्याचा ट्रक पोचत नव्हता. त्यातली कितीतरी माणसे स्वतः शेतकरी आणि शेतमजूर आहेत, ही तर सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट.

आपल्याच देशाचे पाहा. ८० कोटी लोकांना महिन्याला पाच किलो धान्य फुकट द्यावे लागते. त्याच देशातून २०२४-२५ मध्ये दोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ बाहेर विकला गेला. त्याच वर्षी सरकारी गोदामातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देऊ केला गेला. धान्य गाड्यांच्या टाकीत जाणार आणि वर आम्हाला सांगणार, भूक आहे म्हणून नवे बियाणे घ्या.

आता जीएम पिकांचे पाहू. आज जगात सुमारे २० कोटी हेक्टरांवर ही पिके उभी असतात. त्यातले जवळजवळ सगळे क्षेत्र चार पिकांचे: सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला म्हणजे मोहरीची एक बहीण. जनुकेही मुख्यतः दोन जातीची. एकाने अळी मरते, दुसऱ्याने तणनाशक फवारले तरी पीक मरत नाही. सोयाबीन आणि मका बव्हंशी जनावरांच्या, कोंबड्यांच्या पोटात जातात. अमेरिकेतल्या मक्याचा तर एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा इथेनॉलला जातो. आम्ही याला नावे ठेवत नाही. पेंड स्वस्त झाली तर अंडी स्वस्त होतात, तेल स्वस्त होते, हे खरे आहे. पण याला भुकेल्याला घास भरवणे म्हणत नाहीत. तो धंदा आहे. आपलाही धंदाच आहे आणि धंदा म्हणून बोलायला आपल्याला लाज वाटायचे कारण नाही.

दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. आपल्यातले काही कार्यकर्ते सांगत फिरतात की जीएम खाल्ले की माणूस रोगी होतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मान्यता मिळालेल्या जीएम अन्नाने माणसे आजारी पडल्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. आणि भारतात जीएम खाण्यात नाही, हेही खरे नाही. सरकीच्या तेलात वीस वर्षांहून जास्त काळ बीटी कपाशीचे तेल येते आहे. फरसाणाच्या कढईत ते आहे. सरकीची पेंड म्हशीला घातली जाते आणि तिचे दूध शहरात जाते. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारे सोयातेल जीएम सोयाबीनचे असते. "बीटीमुळे आत्महत्या" हे वाक्यही तपासून वापरा. विदर्भात आणि तेलंगणात शेतकऱ्यांनी जीव दिले ते २००२ च्या आधीपासून. भावाचे, कर्जाचे आणि पावसाचे पाप एका जनुकाच्या माथी मारले की भाव पाडणारे सुटून जातात.

आता ज्वारी. बाबांनी ज्वारी का सोडली? जनुक नव्हते म्हणून? १९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. मधल्या काळात शास्त्रज्ञ झोपले नव्हते. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, पुढे सीएसएच-५ आणि सीएसएच-९ आले. आपल्या बापजाद्यांनी हायब्रीड ज्वारीची कणसे पाहून तोंडात बोटे घातली होती. उत्पादन वाढले आणि तरीही ज्वारी गेली. काढणीच्या वेळी पाऊस झाला की दाणा काळा पडे आणि व्यापारी तो दारूवाल्याच्या भावाने घेई. कापणी-मळणीला माणूस मिळेना. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ आला, ज्वारी क्वचितच. सरकारने हमीभाव जाहीर केला, खरेदी मात्र तोकडी राहिली. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये आणि मालदांडीचा ३७४९ रुपये जाहीर झाला. आपल्या तालुक्यात त्या भावाने किती क्विंटल मोजली गेली, ते तुम्हीच सांगा.

गरिबांच्या अन्नासाठी जनुक-बदल हवा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीही ज्वारीला हात लावून पाहिला. आफ्रिकेसाठी जीवनसत्त्व वाढवलेल्या ज्वारीचे काम २००५ पासून मोठ्या देणग्यांवर चालले. ती ज्वारी अजून कुठल्याही शेतकऱ्याच्या तिफणीत पडलेली नाही. खोडमाशी, खडखड्या, काळा पडणारा दाणा ही आपली दुखणी, आणि त्यांच्यासाठी बाजारात कोणी जीएम घेऊन आलेले नाही. कारण उघड आहे. ज्वारीच्या बियाण्याला पैसा नाही. सरळ वाणाचे बी शेतकरी घरचेच धरतो, दरवर्षी पिशवी घेत नाही.

म्हणजे मुद्दा फिरून बियाण्याच्या पिशवीपाशी येतो. कपाशीची सगळी कथा तिथेच आहे.

पिशवीतले जनुक आणि जनुकाची पिशवी

आम्ही कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो ते २००२ साली. त्याच वर्षी २६ मार्चला दिल्लीच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. गुजरातेत त्याच्या आदल्या हंगामात विनापरवाना बीटी उभी असल्याचे उघडकीस आले होतेच. आम्हाला पहिली नोकरी एका बियाणे कंपनीत लागली. मोटारसायकलवर गावोगाव फिरून प्लॉट दाखवायचे, शेतकऱ्यांना जमवायचे, बोंडे मोजायची. खोटे कशाला सांगू, आमचा त्या बियाण्यावर विश्वास बसला होता. हिरवी बोंडअळी ज्यांनी नव्वदच्या दशकात पाहिली त्यांना विचारा. दहा-बारा फवारण्या करूनही रात्रीतून पाती-फुले साफ व्हायची. बीटीने ती अळी आटोक्यात आणली. फवारे कमी झाले. हे श्रेय जनुकाचे आहे आणि ते नाकारणारा माणूस शेतात गेलेला नाही.

पण त्या पिशवीबरोबर एक छोटी पुडी यायची, १२० ग्रॅमची, बिगरबीटीची. ती भोवताली पाच ओळींत पेरायची, म्हणजे अळीला एक साधे शिवार मिळते आणि तिची पुढची पिढी विष पचवायला शिकत नाही. हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. पण शेतकऱ्याला सांगताना घाई करायचो. लोक विचारत, "साहेब, अळीसाठी काहून पेरू?" आम्ही हसून पुढे जायचो. ती पुडी कुठे बांधावर, कुठे उकिरड्यावर गेली. कधी तिच्यातले बी उगवतच नसे. आम्ही हे वरती कळवले, वरून काही उत्तर आले नाही. नंतर आम्हीही कळवायचे सोडले. हा दोष आमच्या नावावर मांडा.

२००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे २००८-०९ च्या सुमारास दिसले. २०१४-१५ पर्यंत तिने दुसरेही पचवले. २०१७ साली आपल्या जिल्ह्यांत काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. डोमकळ्या, किडकी बोंडे, कवडी झालेला कापूस, आणि उभ्या पऱ्हाटीत सोडलेली जनावरे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारा वाचवायला आणलेल्या बियाण्याच्या शेतात फवारणीनेच माणसे मेली.

उताऱ्याचे आकडेही पाहा. २००१-०२ मध्ये देशात रुईचा उतारा हेक्टरी ३०८ किलो होता. २०१३-१४ मध्ये तो ५६६ पर्यंत गेला आणि देशात ३९८ लाख गाठी झाल्या. नंतर घसरण लागली आणि गेली काही वर्षे उतारा साडेचारशेच्या आसपास आहे. कोरडवाहू महाराष्ट्र त्याच्याही खाली. पहिली मोठी उडी पडली ती २००४-०५ पर्यंत, आणि तेव्हा मान्य बीटीचे क्षेत्र दहा टक्क्यांच्याही आत होते. म्हणजे गुजरातेतले बंधारे आणि सिंचन, नवी कीटकनाशके, वाढलेली खते यांचाही त्यात वाटा आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्याबरोबर २०२० मध्ये हा वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यात त्यांनी दाखवले की २०१८ पर्यंत शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्यापूर्वीपेक्षा जास्त झाला होता.

इथपर्यंत ऐकले की आपला एक मित्र उठून म्हणेल, बघा, जनुक खोटे निघाले. थांबा. तेच जनुक, तीच गुलाबी बोंडअळी. अमेरिकेतल्या अॅरिझोना आणि शेजारच्या प्रांतांत शेतकऱ्यांनी १९९६ पासून बीटी कपाशी पेरली. आश्रयाच्या ओळी खरोखर पेरल्या. २००६ पासून विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडले. गंधसापळे लावले, हंगाम संपताच पऱ्हाट्या गाडल्या. २०१८ साली तिथल्या सरकारने जाहीर केले की कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाली. त्यांनी बीटीच्या जोडीला ही सगळी शिस्त पाळून अळी संपवली. आम्ही तीच अळी दोन जनुकांना पुरून उरेल अशी धष्टपुष्ट केली. आपल्याला हे लागलेच पाहिजे.

फरक कशाचा? एक, जनुक कोणत्या बियाण्यात घातले याचा. भारतात बीटी आली ती संकरित वाणांत आणि जवळजवळ फक्त संकरितांतच. जगात इतरत्र कपाशी बव्हंशी सरळ वाणाची असते. संकरिताचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते महाग, म्हणून शेतकरी झाडे विरळ लावतो, हेक्टरी दहा-पंधरा हजार. जिथे बी स्वस्त आहे तिथे एक लाखाच्या आसपास झाडे लावतात. विरळ झाडाला जास्त बोंडे धरावी लागतात, म्हणून ते लांबते, १८० दिवस आणि पुढेही. आपल्याकडे पाऊस सप्टेंबरअखेर उठतो. हलक्या जमिनीत ऑक्टोबर संपेपर्यंत ओल तळाला जाते. झाडाला पाण्याची खरी गरज बोंड भरण्याच्या वेळी आणि नेमके तेव्हाच पाणी नाही. विहीर असलेल्याला हे झाड परवडते, कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला लाल्या आणि किडकी बोंडे येतात.

दुसरे, गुलाबी अळी मुळातच उशिरा येणारी. नोव्हेंबर-डिसेंबरात ती जोर धरते. १४०-१५० दिवसांत मोकळी होणारी कपाशी तिच्या हाती फारशी लागत नाही. आपण मात्र लांब मुदतीचा वाण लावतो, आणि भाव पडले की वरून फरदड ठेवतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीला घर-जेवण मिळते. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखे नसते. काही दाण्यांत असते, काहींत नसते, आणि अळी आत बसून दोन्ही चाखते. विष पचवण्याची शाळाच ती. फरदड ठेवणारा शेतकरी मूर्ख नाही. जानेवारीत दोन क्विंटल मिळाले तरी हातात पैसा येतो. पण त्या दोन क्विंटलांचे व्याज पुढच्या हंगामात सगळे गाव भरते.

मग सरळ वाणात बीटी का आली नाही? पहिल्या जनुकाचे भारतात पेटंटच नव्हते, म्हणजे कायद्याची अडचण नव्हती. सरकारी संशोधकांनी प्रयत्न केला. नागपूर आणि धारवाडच्या संस्थांची बिकानेरी नरमा बीटी २००८ मध्ये मंजूर झाली, २००९ मध्ये शेतात आली आणि लगेच मागे घेतली गेली, कारण तपासणीत त्यात मॉन्सँटोच्याच जनुकाचा अंश निघाला. चौकशी समिती बसली, अहवाल आला, हंगाम निघून गेले. तोवर देशातली जवळजवळ सगळी कपाशी खाजगी संकरित पिशवीत शिरली होती. आमच्या विद्यापीठांच्या गुरुजनांबद्दल आम्हाला आदर आहे. पण या एका कामात त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्याची दहा वर्षे घालवली, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

शेजारच्या बांगलादेशाने दुसरी वाट धरली. आपल्याकडे बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. मग मंत्र्यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती आली. ती आजही उठलेली नाही. तेच जनुक बांगलादेशाच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने आपल्या सरळ वाणांत घातले आणि २०१४ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांना रोपे दिली. बी शेतकरी घरी धरू शकतो. आपल्याकडेही कोईमतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांत अशीच सरळ वाणाची बीटी वांगी तयार होत होती. स्थगितीने खाजगी पिशवी अडवली, तशी ती सरकारी वांगीही अडवली. कंपनीला दुसरी पिके होती. वांगेवाला मात्र आठवड्याला फवारत राहिला.

पिशवीच्या किमतीचेही सांगतो. २००२ मध्ये ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या घरात होती आणि त्यातले अर्ध्याहून अधिक पैसे नुसत्या जनुकाचे शुल्क. आंध्र सरकार २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पिशवी ७५० वर आली. २०१५ मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा हुकूम काढला. २०२० पासून जनुकाचे शुल्क शून्य आहे. पण २०२० मध्ये ७३० रुपयांना असलेली बोलगार्ड-२ ची पिशवी २०२५ मध्ये ९०१ रुपयांवर गेली. जनुक फुकट झाले, पिशवी महाग होत राहिली. भांडण कशाशी करायचे ते यावरून समजून घ्या.

चोरून येणारी पिशवी

आता दुखऱ्या जागेवर येतो. आपल्या जिल्ह्यात तणनाशक सहन करणारी कपाशी, जिला सगळे एचटीबीटी म्हणतात, अनेक शिवारांत उभी असते. तिला परवानगी नाही. तिचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला गेला होता. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिले. त्यांचे धाडस खरे. शेतकऱ्याला चोर ठरवू नका, त्याला निवड करू द्या, हे त्यांचे म्हणणेही आम्हाला मान्य आहे. पण एक गोष्ट आम्हाला खटकते. चोरून येणाऱ्या पिशवीला बिल नाही, लेबल नाही, उगवणीची हमी नाही. बी खोटे निघाले तर दाद मागायची सोय नाही. आपण ज्याला निवड म्हणतो त्यात कपाळावर हात मारून घेण्याचेच स्वातंत्र्य जास्त आहे.

ती लोक का पेरतात हे जगाच्या भुकेवाल्यांना माहीत नाही. निंदणासाठी पेरतात. जुलैत झड लागली की डवरा चालत नाही, तण गुडघ्याएवढे होते आणि सगळ्या गावाला एकाच आठवड्यात बाया पाहिजेत. यावर आपल्या महिला आघाडीत दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक ताई म्हणाल्या, "माझी तीन एकर आहे, निंदणाचा खर्च कपाशीच्या हिशेबात सगळ्यांत मोठा, मला हे बी पाहिजे." दुसऱ्या ताई भूमिहीन. त्या म्हणाल्या, "निंदणाचे दोन महिनेच तर माझ्या हाताला रोज काम असते. ते गेले तर पोरांच्या वह्या कशातून घेऊ?" या दोघींच्या मध्ये बसून न्याय करणे आम्हाला जमलेले नाही.

एवढे मात्र शेतीच्या अभ्यासावरून सांगतो. ग्लायफोसेट कपाशीला ओळखते, तुरीला ओळखत नाही. आपल्या कोरडवाहू पद्धतीत कपाशीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ, कुठे मूग-उडीद, कुठे धुऱ्याला अंबाडी, ज्वारीची चार तासे घरच्यासाठी. त्या ओळी म्हणजे वर्षाचे वरण आणि पाऊस हुकला तर उरणारा आधार. वरून सरसकट फवारा मारला की फक्त कपाशी उभी राहते. बांधावरचा तांदुळजा आणि घोळही जातो. शेजाऱ्याच्या साध्या कपाशीवर वारा गेला की भांडण पोलीस ठाण्यात. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक फवारणीवाल्यानेच मारावे असा हुकूम काढला. गावात असा माणूस कुणी पाहिला असेल तर कळवा. अन्नासाठी म्हणून ज्याचा डंका वाजतो, ते तंत्र आमच्या शेतातून घरचे अन्नच काढून घेणार असेल, तर त्याचा हिशेब निंदणाच्या खर्चाबरोबर मांडलाच पाहिजे. तो मांडून ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

सरकारचा दुटप्पीपणा मात्र माफ करण्यासारखा नाही. जीएम सोयाबीन पेरले तर गुन्हा. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या घरात गेल्याबरोबर १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. काही आठवड्यांत भाव कुठे आला ते तुमच्या पट्ट्यांवर लिहिलेले आहे. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या तोंडावर. हमीभाव ७७१० आणि ८११० जाहीर झाला होता, बाजारात त्याच्या खाली बोली लागत होती. परदेशी शेतकऱ्याचे जीएम बंदरातून आत येते, आपल्या शेतकऱ्याने पेरले की पर्यावरण धोक्यात येते. न्यायालय आणि मंत्रालय यांच्यात मोहरीचे प्रकरणही असेच लोंबकळते आहे. २०२२ मध्ये शिफारस झाली, २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. आणि मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण सरकारी संस्थांनी जाहीर केले, म्हणजे पुढचा वाद दारात आलेलाच आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत "जीएम हवे" किंवा "जीएम नको" असा ठराव करू नये, असे आम्ही सुचवतो. त्यापेक्षा असे मागावे की अकोला, परभणी, राहुरीची विद्यापीठे आणि नागपूरची संस्था यांनी १५० दिवसांच्या आत मोकळे होणारे, तुडतुड्याला टिकणारे सरळ वाण, बीटी आणि बिगरबीटी दोन्ही, महाबीजमार्फत तालुक्याला पुरतील इतके द्यावेत. थोडे थोडे काम सुरू आहे, पण दुकानात विचारले तर दुकानदार हसतो. बियाणे घरी धरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क आपल्याला २००१ च्या कायद्याने दिलेला आहे. धरण्यासारखे बी हातात नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. एचटीबीटीचा निर्णय सरकारने चाचण्यांचे आकडे उघडे करून द्यावा, हो किंवा नाही, पण द्यावा. जे पीक पेरायला बंदी त्याची पेंड आणायलाही बंदी, नाहीतर दोन्हीला मोकळीक. आणि ज्वारी हमीभावाने मोजून इथल्याच रेशन दुकानात द्यावी. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद २०१३ पासून आहे.

आपल्याकडूनही एक काम हवे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढायची, फरदड नाही, आणि हे गावाने मिळून ठरवायचे. एकट्याने काढून उपयोग नाही, शेजारच्या धुऱ्यावर अळी जिवंत राहते. मागच्या वर्षी ज्या गावांनी हे केले त्यांनी बैठकीत उभे राहून सांगावे, ज्यांना जमले नाही त्यांनी का जमले नाही ते सांगावे.

बैठकीला येताना कपाशीच्या पिशवीचे लेबल आणि बिल आणा. बिल नसेल तर नसल्याचे सांगा, नाव विचारणार नाही. निंदणाला किती खर्च आला आणि शेवटची वेचणी कोणत्या तारखेला झाली, एवढे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून आणा. त्या बाबांना आम्ही घरी जाऊन निरोप दिला आहे. त्यांनी एकच विचारले, ज्वारीचे मालदांडी बी कुठे मिळेल. कोणाच्या घरी चांगले धरलेले असेल तर दोन किलो घेऊन या.